अवधान कोणाचें?

वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्याचें लक्ष कोणाच्या मालकीचें असतें? प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. शिक्षक म्हणेल, तासापुरतें तें माझें. पालक म्हणेल, फी आम्हीं भरली, तेव्हां तें आमचें. आणि विद्यार्थी, विशेषतः अठरा वर्षें पुरीं झालेला विद्यार्थी, म्हणेल कीं माझें लक्ष माझें आहे, तें मी फळ्याकडे लावीन नाहीं तर पडद्याकडे, नुकसान झालें तर माझें होईल. गेल्या कांहीं वर्षांत हा वाद रत्नागिरीसारख्या गांवांतही घरोघर ऐकूं येऊं लागला आहे. येथें १९४५ सालीं महाविद्यालय निघालें तेव्हां उच्च शिक्षणासाठीं घाट चढून किंवा बोटीनें मुंबईस जाणाऱ्या पुष्कळ मुलांची सोय झाली. आज त्याच गांवांत अभियांत्रिकीचें, तंत्रनिकेतनाचें, मत्स्यशास्त्राचें शिक्षण मिळतें, मुंबई विद्यापीठाचें उपकेंद्र आहे, आणि मुलांच्या पाठीवरच्या पिशवींत वहीच्या शेजारीं लॅपटॉपही सहज सांपडतो. ज्यांच्यापाशीं लॅपटॉप नाहीं त्यांच्यापाशीं मोबाईल असतो. आणि प्रस्तुत प्रश्नापुरता मोबाईल हा धाकटा लॅपटॉपच समजावयास हरकत नाहीं.

शिक्षकवर्गाचें उत्तर ठरलेलें आहे: 'झांकणें मिटा.' या दोन शब्दांच्या आज्ञेंत मोठी सोय आहे. ती कोणासही समजते, तिचें पालन झालें कीं नाहीं हें दारांतूनच दिसतें, आणि ती देणाराला आपण अजून वर्गाचे धनी आहों असा क्षणभर विश्वास वाटतो. पण आज्ञा सोपी असली म्हणजे ती न्याय्य असतेच असें नाहीं. विद्यार्थ्याचा प्रतिवाद तितकाच सोपा आहे आणि, प्रामाणिकपणें पाहूं गेल्यास, अधिक प्रतिष्ठितही आहे. मिल्लनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, ज्या कृत्यानें केवळ करणाऱ्याचेंच बरेंवाईट होतें त्याच्या आड येण्याचा समाजास अधिकार नाहीं. आड यावयाचें तें दुसऱ्यास इजा पोंचत असेल तरच. आगरकरांच्या पिढीपासून महाराष्ट्रांतील सुशिक्षितांस हा विचार परिचयाचा आहे. मिल्लनें मुलांना या नियमांतून वगळलें होतें हें खरें. परंतु १९८९ पासून ज्या वयाच्या तरुणास आपण राज्यकर्ते निवडण्यास लायक समजतों, त्यास तासभर कोठें पाहावें हें ठरविण्यास मात्र नालायक समजावें, हें कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? शाळेंतील मुलाची गोष्ट वेगळी. तेथें पालकत्वाचा अंश आहे. महाविद्यालयांत 'तुझ्याच भल्यासाठीं' हा शब्दप्रयोग शिक्षकानें जरा जपून वापरावा.

मग विद्यार्थ्याचें म्हणणें मान्य करून वाद मिटवावयाचा काय? तसें करतां येत नाहीं, कारण 'नुकसान माझेंच' हें विधान खरें नाहीं. वर्ग म्हणजे एका छपराखालीं मांडलेल्या साठ स्वतंत्र खोल्या नव्हेत. कॅनडांतील तीन संशोधकांनीं २०१३ सालीं या विषयावरील दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यांत, व्याख्यान ऐकतां ऐकतां लॅपटॉपवर इतर कामें करणाऱ्या विद्यार्थ्यांचे परीक्षेंतील गुण तशीं कामें न करणाऱ्यांपेक्षां ११ टक्क्यांनीं कमी भरले. यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. दुसऱ्या प्रयोगांतील विद्यार्थी कागदावर टिपणें घेत होते. त्यांच्यापाशीं यंत्र नव्हतें. मात्र त्यांतील कांहींच्या दृष्टीच्या टप्प्यांत दुसऱ्या कोणाचा तरी पडदा हलत होता. या निरपराध मंडळींचे गुण, ज्यांच्यापुढें असा पडदा नव्हता त्यांच्यापेक्षां, १७ टक्क्यांनीं कमी भरले. प्रयोग निराळे असल्यामुळें हे दोन आंकडे समोरासमोर उभे करून शेजाऱ्याचें नुकसान मालकापेक्षां अधिक, असें कोणी म्हणूं नये; परंतु शेजाऱ्याचें नुकसान होतें आणि तें क्षुल्लक नसतें, एवढें म्हणावयास हरकत नाहीं. आपल्या छपराच्या पागोळ्या दुसऱ्याच्या अंगणांत पडूं लागल्या म्हणजे कोंकणांत काय होतें तें वाचकांस सांगावयास नको. आंब्याची एक फांदी गडग्यापलीकडे गेली म्हणून येथें पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत. शेजाऱ्याच्या चित्तांत पडणाऱ्या पागोळ्यांची दाद मात्र अजून कोणी मागितलेली नाहीं. १८२८ सालीं स्थापन झालेलें नगर वाचनालय या गांवांत आहे. वाचनालयांत मोठ्यानें बोलूं नये हा नियम कोणास जुलूम वाटत नाहीं, कारण तो बोलणाऱ्याच्या उद्धारासाठीं नसून शेजारीं वाचीत बसलेल्यासाठीं आहे हें सर्वांस कळतें.

अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयांत अर्थशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या अभ्यासांतही, जेथें लॅपटॉप आणूं दिला नाहीं तेथील विद्यार्थ्यांनीं अंतिम परीक्षेंत अधिक गुण मिळविले असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांना टॅबलेट फक्त बाकावर सपाट ठेवून वापरण्याची परवानगी होती तेही मागें पडले. जेथें बूट चकचकीत नसला तरी शिक्षा होते तेथें ही अवस्था, तर आपल्याकडची कथा काय! लेखणीनें टिपण घेणारास विषय अधिक कळतो, बोटांनीं टंकणारा नुसता शब्दांचा भारा बांधतो, असा एक शोध २०१४ सालीं फार गाजला. परंतु पुढें २०१९ मध्यें त्याची फेरतपासणी झाली तेव्हां फरक तितका ठाम दिसला नाहीं. म्हणून त्या मुद्द्यावर मी भर देत नाहीं. शिक्षकांच्या खोलींत तो अजून रोज सांगितला जातो, याचें कारण तो ऐकावयास गोड लागतो हेंच असावें.

आतां केवळ शेजाऱ्याचाच प्रश्न असता तर उपाय अवघड नव्हता. लॅपटॉपवाल्यांना शेवटच्या बाकावर बसवावें. त्यांच्या मागें भिंत, भिंतीला डोळे नाहींत. ज्या बाकावर पूर्वीं व्रात्य मुलें बसत तेथें आतां उद्योगी मुलें बसतील, एवढाच पालट. पण एवढ्यानें मन निवत नाहीं. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा तासभर कोठें होता, हा प्रश्न उरतोच. आणि तो प्रश्न नीट पाहावयाचा तर आपल्या भाषेकडेच वळलें पाहिजे.

मराठींत लक्ष या शब्दाबरोबर कोणकोणतीं क्रियापदें येतात तें पाहावें. आपण लक्ष देतों. आपलें लक्ष जातें. आपलें लक्ष लागतें, किंवा लागत नाहीं. कोणी आपल्यावर लक्ष ठेवतो. आणि कोणी तरी आपलें लक्ष वेधून घेतो. यांपैकीं पहिल्यांत मी कर्ता आहें. देणें हें माझें कृत्य आहे, आणि देण्यासारखें तें माझ्यापाशीं आहे. 'लक्ष गेलें' असें म्हणतांना कर्ता नाहींसा होतो; गुरूं कुंपणांतून निसटावें तसें तें आपलें आपण जातें. आणि 'वेधलें' म्हणतांच कर्तेपण दुसऱ्याकडे जाऊन मी नुसता वेधला जाणारा उरतों; त्या शब्दांत बाण आहे, नेम आहे, नेम धरणारा आहे. वर्गांतील सगळा तंटा या तीन क्रियापदांतला आहे. शिक्षक लक्ष ठेवतो, विद्यार्थ्यानें लक्ष द्यावें अशी अपेक्षा करतो, आणि बाकावरचें यंत्र लक्ष वेधतें.

बृहदारण्यकोपनिषदांत मनाचा विचार चालला असतां एक अगदीं घरगुती अनुभव पुराव्यादाखल घेतला आहे: माझें मन दुसरीकडे होतें म्हणून मला दिसलें नाहीं, ऐकूं आलें नाहीं, असें माणूस म्हणतो, त्यावरून पाहणारें व ऐकणारें तें मनच. डोळे उघडे, कान उघडे, आणि माणूस तेथें नाहीं. हजेरीपटावर ज्यास हजर म्हणतात तो या अर्थानें पुष्कळदां गैरहजर असतो. येथेंच सक्तीची मर्यादा दिसून येते. जी वस्तु केवळ दिली जाऊं शकते ती हिसकावून घेतां येत नाहीं. छडीच्या काळांत मास्तरांना मुलांच्या माना सरळ करतां येत असत. मानेच्या वरचें खातें त्यांच्याही हातीं नव्हतें. झांकण मिटविल्यानें डोळे मोकळे होतील, पण मोकळे डोळे फळ्यावरच स्थिरावतील अशी हमी कोणता प्राचार्य देऊं शकेल? तेव्हां बंदीनें अवधान उत्पन्न होतें हा समज पहिल्यानें सोडून द्यावा. बंदीनें फार तर वेध चुकवितां येतो. हापूसच्या कलमांभोंवतीं जांभ्याचा गडगा घालतात तो आंबा पिकावा म्हणून नव्हे, तर गुरें आंत शिरूं नयेत म्हणून. नियमाकडून याहून अधिक मागणें चूक आहे, आणि एवढें मागणें मात्र वावगें नाहीं.

यावर वयस्क वाचक म्हणतील कीं, गुरें नेहमींच होतीं. खरेंच आहे. मुलांचें चित्त वर्गाबाहेर पळणें हें शाळेइतकेंच जुनें आहे. धूळपाटीवर बोटानें अक्षरें गिरवितां गिरवितां त्याच धुळींत मुलांनीं हत्तीघोडे काढले नसतील असें कोण म्हणेल? पाटी आली तेव्हां पाटीवर फुल्लीगोळा आला. वही आली तेव्हां वहीचें शेवटचें पान आलें, तेथें कवितांपासून शिक्षकांच्या चित्रांपर्यंत सर्व कांहीं निघे. आणि रत्नागिरींत तर खिडकींतून समुद्र दिसतो. आषाढांत कौलांवर पाऊस कोसळूं लागला म्हणजे मास्तरांचा शब्द दुसऱ्या बाकापर्यंतही पोंचत नाहीं. १८५६ सालीं याच गांवांत जन्मलेले टिळक शाळेंत गणितें पाटीवर मांडण्यापेक्षां तोंडींच सोडवीत अशी आख्यायिका आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर टिपणें न घेणारा विद्यार्थी. १८७५च्या सुमारास धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठीं मुरुडाहून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. या गोष्टी सांगून आजच्या मुलांना लाजविण्याची एक रीत पडून गेली आहे. मला ती पसंत नाहीं. कर्व्यांच्या वेळीं साताऱ्यास न गेलेलीं, घरींच लगोऱ्या खेळत राहिलेलीं मुलेंही पुष्कळ असतील; त्यांचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं, एवढेंच.

तथापि खिडकी आणि पडदा यांत एक भेद आहे, आणि माझ्या मतें या सगळ्या प्रश्नाचा गाभा त्या भेदांत आहे. समुद्रास त्या मुलाकडून कांहीं नको असतें. खिडकीच्या गजावर बसलेला कावळा आज किती मुलांनीं आपल्याकडे पाहिलें याचा हिशेब ठेवीत नाहीं, आणि काल पाहणाऱ्यांपैकीं आज कोण पाहत नाहीं हें शोधून त्याच्यापुढें अधिक मोठ्यानें ओरडत नाहीं. पूर्वींचें व्यवधान पोरकें होतें. त्याचा कोणी धनी नव्हता. पडद्यावरच्या व्यवधानास धनी आहे. माणूस किती वेळ पाहत राहतो यावर ज्यांची कमाई अवलंबून आहे अशा कंपन्यांनीं तें विचारपूर्वक घडविलें आहे. एक चित्रफीत संपतांच दुसरी आपोआप सुरू होते. निरोपाच्या चिन्हावर तांबडा ठिपका उमटतो. पुस्तकाला पान संपतें, प्रकरण संपतें, पण बोटानें वर सारीत राहावयाच्या त्या यादीला अंत म्हणून ठेवलेला नाहीं. अंत असता तर वाचणारा मान वर करता, आणि मान वर केलेला माणूस कदाचित् उठून जाता. माहितीची समृद्धि झाली म्हणजे अवधानाचें दारिद्र्य येतें, अशा आशयाचा इशारा अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनीं १९७१ सालींच दिला होता. त्या दारिद्र्यावर कोणी व्यापार उभारील हें मात्र पुढें दिसावयाचें होतें. म्हणजे सामना असा आहे: एका बाजूस एकोणीस वर्षांच्या पोराचा निश्चय आणि खडू घेतलेला एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूस जगांतील उत्तम पगाराचे हजारों अभियंते, ज्यांत आपल्याकडच्या महाविद्यालयांतून शिकून गेलेलेही असतील. याला स्वयंनियंत्रणाची कसोटी म्हणणें म्हणजे पुरांत लोटून देऊन पोहण्याची परीक्षा घेणें होय.

मिल्लच्या अनुयायास माझें उत्तर येथें आहे. निवड करणाऱ्याच्या निवडीचा मान राखावा, हें कबूल. परंतु निवड करणाऱ्याच्या हाताला कोणी धक्का देत असेल तर प्रथम तो धक्का थांबविणें ही त्याच्या स्वातंत्र्याची पायमल्ली होत नाहीं. लॅपटॉप मिटवितांना शिक्षक विद्यार्थ्याच्या इच्छेविरुद्ध वागतो कीं त्याच्या इच्छेला सवड करून देतो? तास संपल्यावर 'वेळ कसा गेला कळलेंच नाहीं' असें जो म्हणतो, त्याची त्या वेळेंत नेमकी कोणती इच्छा चालली होती? मला हा युक्तिवाद सबळ वाटतो, पण तो धोक्याचाही आहे हें विसरून चालणार नाहीं. 'तुझी इच्छा ही तुझी खरी इच्छा नव्हे' असें म्हणून जगांत पुष्कळांनीं पुष्कळांना कोंडून ठेविलें आहे. मुलींचें शिक्षण बंद पाडणारे, तरुणांचे विवाह मोडणारे वडीलधारेही असेंच बोलत आले. म्हणून या शस्त्राला म्यान हवी: नियम तासापुरता असावा, त्याचें कारण उघड सांगितलेलें असावें, आणि तो करणाराही त्याखालीं यावा. यांपैकीं शेवटच्या गोष्टींत आपली सर्वांची पंचाईत आहे.

मार्च २०२० मध्यें शाळा-महाविद्यालयें बंद झालीं तेव्हां याच यंत्रास आपण शाळा म्हटलें. ज्या घरांत एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तेथें उसनवारी करून दुसरा आणला गेला. कोंकणांत मुलें नेटवर्कच्या शोधांत सड्यावर, डोंगरमाथ्यावर जाऊन बसलीं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें मंडणगड-दापोलीकडे विजेचे खांब आडवे केले, तेव्हां कांहीं दिवस ही शाळाही बुडाली. दोन वर्षें आपण मुलांस हेंच शिकविलें कीं पडद्याकडे पाहणें म्हणजे अभ्यास. आणि पडद्याकडे पाहणारें पोर अभ्यास करतें आहे कीं आणखी कांहीं, हें विचारण्याचें आपणांस त्राण नव्हतें. पुढें शाळा उघडल्या आणि तोच पडदा एकाएकीं अपराध ठरला. इकडे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतच क्यूआर कोड छापलेला असतो. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. प्राथमिक शिक्षकास शालेय पोषण आहाराची रोजची नोंद मोबाईलवरून करावी लागते. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो अशाच तंत्राच्या कल्पक उपयोगासाठीं, आणि आपण सर्वांनीं त्याचा अभिमान बाळगला. तो अभिमान खोटा नव्हता. यंत्र शिक्षकाच्या हातांत असलें म्हणजे काय होतें याचें तें उदाहरण आहे. युनेस्कोनें २०२३ सालीं शिक्षणांतील तंत्रज्ञानावर जो अहवाल काढला त्याचाही रोख हाच होता कीं, साधन वापरावें कीं नाहीं यापेक्षां तें कोणाच्या अटींवर वापरावें हें महत्त्वाचें. त्या वेळीं शाळांत मोबाईलला बंदी करणारे देश चारांत एकाहूनही कमी होते. नंतर त्यांत भर पडत गेली. परंतु देशोदेशींच्या कायद्यांपेक्षां मला आपल्याकडच्या एका गांवाची गोष्ट अधिक बोलकी वाटते.

सांगली जिल्ह्यांत कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून गांव आहे. टाळेबंदीनंतर मुलांचें वाचन सुटलें, हात मोबाईलवरून निघेनात, अशी तक्रार शिक्षक करूं लागले होते. ऑगस्ट २०२२ मध्यें गांवानें असें ठरविलें कीं रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा, आणि तेव्हांपासून साडेआठाच्या भोंग्यापर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद राहावे. मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें किंवा एकमेकांशीं बोलावें. या योजनेंत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा व्याप. भोंगा मुलांसाठीं वाजत नव्हता, घरासाठीं वाजत होता. मालिका पाहणारी आजी, बाजारभाव पाहणारा बाप आणि सहावींतली पोर, सर्वांना सात म्हणजे सात. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांतल्या बांशी ग्रामपंचायतीनें अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्हीं गांवांची तळमळ एकच. परंतु दुसऱ्या ठरावांत मोठी माणसें कुंपणाबाहेर उभीं आहेत, आणि सतराव्या वर्षीं जें पाप तें अठराव्या वर्षीं हक्क, हें पोरांना कोणत्या तोंडानें समजावून सांगावें? पोरें यावरून शिकतील तें एवढेंच कीं लक्ष ही लहानांनीं मोठ्यांना द्यावयाची खंडणी आहे. वडगांवच्या भोंग्यांत तसा वास नव्हता. तेथें प्रत्येकानें प्रत्येकाला दीड तास दिला होता. शिवाय दीडच तास, हेंही ध्यानांत घ्यावें. उरलेल्या वेळाबद्दल गांवानें कोणास प्रवचन केलें नाहीं.

वर्गास हें जसेंच्या तसें लागू पडेल असें नाहीं. वर्गांत एक अडचण अशी येते कीं सर्वांची गरज सारखी नसते. एखाद्याचा हात थरथरतो, त्यास लेखणी धरवत नाहीं. एखादीस फळ्यावरचें दिसत नाहीं, तिला तीच आकृति पडद्यावर मोठी करून पाहावी लागते. एखाद्याच्या ऐपतींत पुस्तक बसत नाहीं, त्याचें सगळें ग्रंथालय त्या चार इंचांच्या कांचेआड असतें. अपंगांना सवलत द्यावी, हें बोलावयास सोपें आहे. पण सर्वांची झांकणें मिटलेलीं असतां ज्याचें एकट्याचें उघडें राहतें, त्याचें दुखणें आपण साठ जणांपुढें वाचून दाखविलेलें असतें. त्याला शेवटच्या बाकावर पाठवावें तर ज्यास ऐकूं कमी येतें तोच सर्वांत दूर बसतो. म्हणून सरसकट बंदी करून मग दयेनें अपवाद काढणें मला प्रशस्त वाटत नाहीं. पांच-सात जागा कारण न विचारतां मोकळ्या ठेवाव्या, त्यांतील दोन-तीन भिंतीकडेच्या असाव्या, आणि ज्यास हवी त्यानें घ्यावी. ज्यास गरज नाहीं असेही एकदोन त्यांत शिरतील. शिरोत बापडे. दोन लुच्चे सुटले तर विद्येचें राज्य बुडत नाहीं. एकास वर्गांत मान खालीं घालावी लागली तर कदाचित् तो पुन्हा येत नाहीं.

आतां शिक्षकाकडे वळावें लागतें, आणि येथें पुष्कळ शिक्षकबंधु मजवर रागावतील. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडतो तो श्रोत्यांकडे अवधानाची याचना करूनच. एवढें दिलें तर सर्व सुखास पात्र व्हाल असें सांगून ज्ञानदेव लगेच आपलें हें बोलणें सलगीचें आहे, तुमच्यासारख्या जाणत्यांपुढें तें लडिवाळपणानें केलें आहे, असा सूर लावतात. ज्यांच्या वाणीपुढें सातशें वर्षें महाराष्ट्र हात जोडून बसला आहे, ते अवधान मागून घेतात. आणि तीच तीच पिंवळीं पडलेलीं टिपणें, किंवा अलीकडच्या चालीप्रमाणें तेच तेच पडद्यावरचे मुद्दे, वर्षानुवर्षें वाचून दाखविणारा मनुष्य तें हुकुमानें वसूल करूं पाहतो! मुलांच्या पुढ्यांत लॅपटॉप नको आणि स्वतःच्या पाठीमागें मात्र प्रोजेक्टर हवा, यांतील विनोद आपल्या लक्षांत येत नाहीं. कंटाळवाण्या व्याख्यानांतून मुलगा मनानें उठून गेला तर त्याला दोष देण्यापूर्वीं, आपण त्याला थांबण्यासारखें काय दिलें, हें विचारावें लागेल. अर्थात् यालाही मर्यादा आहे. शिक्षक म्हणजे नाटक कंपनी नव्हे. आणि वर सांगितलेल्या हजारों अभियंत्यांशीं करमणुकींत स्पर्धा करावयाची तर त्यानें हरण्याच्या तयारीनेंच उतरावें. कांहीं विषय असे आहेत कीं त्यांचा पहिला अर्धा तास रुक्षच असतो. तर्कशास्त्रांतील अनुमानाचे प्रकार किंवा कलनगणितांतील सीमा ही कल्पना कोणीही कितीही रंगवून सांगितली तरी ती सोपी होत नाहीं, आणि तो रुक्ष अर्धा तास सोसल्यावांचून पलीकडचें सौंदर्य दिसत नाहीं. नेमका हाच अर्धा तास पडदा खाऊन टाकतो. कंटाळा येऊं लागतांच बोट हलतें. म्हणून कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे हें त्या मुलास कधीं कळतच नाहीं. त्याच्याकरितां मला खरी हळहळ वाटते ती येथें. गुण कमी पडल्याची भरपाई पुढच्या सत्रांत होते.

येथील एका वर्गांत एका तरुण प्राध्यापकानें गेल्या पावसाळ्यांत केलेला उपक्रम माझ्या कानावर आला. सत्राच्या पहिल्या दिवशीं त्यानें नियम सांगितला नाहीं. प्रश्न मांडला, आणि तासभर वर्गास भांडूं दिलें. मुलांनीं आपसांत असें ठरविलें कीं पहिलीं चाळीस मिनिटें झांकणें मिटलेलीं, भिंतीकडेच्या जागा ज्यास हव्या त्यास मोकळ्या, शेवटचीं वीस मिनिटें पडदे उघडून शोधाशोध, आणि मोबाईल सर्वांचे टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. एका मुलीनें उठून विचारलें, 'सर, सर्वांचे म्हणजे तुमचाही ना?' त्यानें खिशांतून काढून आपलाही खोक्यांत टाकला. त्या आठवड्यांत खोक्यांतून पहिला आवाज आला तो त्याच्याच फोनचा. कार्यालयांतून कसलीशी माहिती तांतडीनें मागविली होती. बाहेर पाऊस होता. वर्ग हंसला, मग गप्प झाला, आणि आतां हा काय करतो म्हणून सगळे त्याच्याकडे पाहूं लागले.